मांडीवरची मंडोली

हिंगणमळा, ता. केज
१२ जानेवारी

सौ. गीताबाईस,

वर काय लिहावं यातच सकाळ गेली. 'चिरंजीव' लिहावं तर तू काही लहान न्हाईस, 'तीर्थरूप' लिहावं तर गाव हसंल. आपल्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच न्हाई. तू माहेरी गेलीस तरी चार दिवसांत परत यायचीस. आता लेकीच्या बाळंतपणाला म्हून पुण्याला गेलीस, ती तिकडचीच झालीस.

रोहिणीनं माझ्या फोनवर बंदी घातली ते बरोबरच केलं. मला वाटतं मी हळू बोलतो. पण सारी नोकरी एसटीत "पुढं सरका, पुढं सरका" म्हणण्यात गेली, आता आवाज मागं येत न्हाई. त्या दिवशी मी नुसतं "नातू झोपला का?" असं विचारलं अन् तो उठला. जावईबापूंच्या हातातला चहा सांडला म्हणे. मोबाईलवर लिहून पाठवावं तर माझी बोटं जाड. 'भाकर' लिहिलं की 'भास्कर' होतं. तू कोण भास्कर म्हून विचारशील. त्यापेक्षा पत्र बरं.

इकडं सगळं ठीक हाय. तूर काढून झाली. म्हैस दूध देतीय. पिठलं मला जमतं. कोंबड्या मजेत.

परवा केजच्या बाजाराला गेलतो, ठिबकचा पाईप आणायला. पाईप आणला न्हाई. दुसरी एक वस्तू आणली. घरात लागणारी न्हाई, पण वाईटही न्हाई. सविस्तर नंतर लिहीन.

तुझा (असंच लिहितात असं पोस्टमन म्हणाला)
धर्मराज

पुणे
१९ जानेवारी

रोहिणीच्या बाबांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. वरचं 'चिरंजीव, तीर्थरूप' वाचून रोहिणी लई हसली, म्हून बाकीचं मी बाथरूमला कडी लावून वाचलं.

नातू बरा हाय. कान तुमच्यावर गेलेत. डॉक्टर म्हणतात तब्येत चांगली हाय, कानाचं त्या काही बोलल्या न्हाईत.

इथं सारं बटनावर हाय. कपडे बटनावर, पाणी बटनावर, वरखाली जायचं तेही बटनावर. काल मी भाजी आणायला खाली गेलते अन् भलतंच बटन दाबून गच्चीवर निघाले. तिथं एक बाई योगासनं करत होती. ती घाबरली, मी पण घाबरले. मग दोघींनी चहा घेतला.

कोंबड्या मजेत म्हणता, पण कोंबड्याचं काय? माझा तुरेवाला? तो पहाटे आरवतो का? त्याला रोज मूठभर बाजरी टाकायला सांगितलं होतं.

अन् वस्तू म्हंजे काय आणलंत? मागं 'एक वस्तू' म्हून तुमी उसाच्या रसाचा चरक आणला होता अन् आपल्या रानात उसाचं एक टिपरू न्हाई. खरं खरं लिहा. रोज पिठलं खाऊ नका, पित्त होतं.

तुमची,
गीता

हिंगणमळा
३० जानेवारी

गीतास,

वस्तू लिहितो. रागावू नकोस. वाद्य हाय. अर्ध्या पपईसारखं पोट, वर मान, आठ तारा, दोन-दोनच्या जोडीनं. त्याला मेंडोलिन म्हणतात.

तुला माहीत हाय, मला गाण्याचं पहिल्यापासून वेड. नारायणगडाच्या यात्रेची गाडी कुणीच कंडक्टर घ्यायला तयार नसायचा, गर्दी लई. मी मागून घ्यायचो. कावून तर मागच्या सीटवर गोंधळी बसायचे, संबळ-तुणतुणं घेऊन. मी तिकिटं फाडत फाडत ऐकायचो. एकदा कपिलधारच्या गाडीत एक म्हातारी अशी काही ओवी म्हणाली की मी तिला तिकीट द्यायचं विसरलो, अन् पुढच्या स्टॉपला तपासणी आली. पण हे सगळं ऐकणंच झालं. आपल्या हातानं कधी एक सूर काढला न्हाई. घंटीची दोरी ओढली तेवढीच.

तर केजला म्हाळूच्या दुकानासमोरून चाललो होतो. म्हाळू म्हंजे तो बँडवाला, ज्यानं आपल्या लग्नात बँड वाजवला अन् जेवणात तिसऱ्यांदा बुंदी मागितली. आता लग्नाला डीजे लागतो, त्याची सगळी वाद्यं खुंटीला टांगलीत. तिथं हे लटकलेलं दिसलं. मी नुसती तार छेडली. टिंग! मी परत छेडली. म्हाळू म्हणाला, "घेऊन जा बे, हितं उंदरं वाजवतेत." कशाच्या बदल्यात दिलं ते महत्त्वाचं न्हाई.

आता मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकतोय. शिकवणारा गोरा हाय, टोपी घालतो, इंग्रजीत बोलतो. त्यातलं मला फक्त 'ओके' समजतं. तो ओके म्हणाला की मी पण ओके म्हणतो अन् पुढं जातो. वाजवायला तारेवर घासायचा तुकडा लागतो, तो मी तुझ्या शाम्पूच्या बाटलीचा कापला. बाटली रिकामी होती. रिकामी केली.

गोठ्यात बसून वाजवलं तर म्हशीनं मान वळवून बघितलं अन् दावं ताणून पार पलीकडं जाऊन उभी राहिली. म्हून आता सांजेला मळ्यातल्या आखाड्यावर जातो, तिथं राखणीच्या पत्र्याच्या खोलीत मी अन् पाण्याची मोटार, दुसरं कुणी नसतं.

एक काम हाय. तू जात्यावर डाळ भरडताना एक ओवी म्हणायचीस, 'वाजती घंटी बाई' अशी. चाल मला पाठ हाय. पण मी पहाटे अर्धवट झोपेत ऐकायचो, दुसरी ओळ येईस्तोवर डोळा लागायचा. ती पुढची ओळ लिहून पाठव. मला हीच ओवी वाजवायचीय. दुसरी न्हाई.

धर्मराज

पुणे
५ फेब्रुवारी

रोहिणीच्या बाबांना,

नमस्कार लिहीत न्हाई.

तुमचं पत्र अजून आलं न्हाई, पण शेजारच्या छबुबाईचा रोहिणीच्या फोनवर फोन आलता. ती म्हणाली, "अक्का, तुमी तिकडं नातवाचे लाड करा, इकडं भाऊजींचं काय चाललंय ते बगा. रोज सांजेला मळ्यात जातेत. मंडोलीला मांडीवर घेऊन बसतेत. आधी तिचे कान पिळतेत, मग ती किंचाळती, मग भाऊजी तिला 'ओके, ओके' म्हणतेत."

कोण ही मंडोली?

बकरीचं पिल्लू असंल तर ठीक हाय, मी काही बोलणार न्हाई. पण बाई असंल तर तिला सांगून ठेवा, माझी पिशवी भरलेली हाय. जावई म्हणतो, "आई, आधी नीट चौकशी करा." मी म्हटलं, मी तिथं जाऊनच चौकशी करते. रोहिणी तोंडावर उशी घेऊन हसतीय. मला यात हसण्यासारखं काही दिसत न्हाई.

पिळलेले कान कुणाचे, एवढंच लिहा.

गीता

हिंगणमळा
१२ फेब्रुवारी

गीते,

अगं, तेच वाद्य! मेंडोलिन! छबुबाईच्या जिभेवर त्याची मंडोली झाली. आता सारं गाव मंडोलीच म्हणतंय. तार सैल पडली की वरच्या खुंट्या पिळाव्या लागतात, त्यालाच कान पिळणं म्हणतात. ती किंचाळती हे खरं हाय, पण ती माझ्या हाताची चूक हाय, तिची न्हाई.

माझं आधीचं पत्र तुला एव्हाना मिळालं असंल. छबुबाईलाही मी आखाड्यावर बोलावून दाखवलं. तिनं सगळीकडून न्याहाळलं अन् म्हणाली, "एवढ्याशासाठी मी पुण्याला फोन वाया घालवला."

आता तू एवढी रागावलीच हायस, तर त्याच रागात दुसरं पण सांगून टाकतो. म्हंजे पुन्हा वेगळं रागवायला नको. तुझा तुरेवाला कोंबडा म्हाळूकडं हाय.

पातेल्यात न्हाई! जिवंत हाय. मी काल मुद्दाम जाऊन बघून आलो. मी तो त्या दिवशी बाजारात कशाला नेलता? तर त्याच्या पायाला फोड झाला होता, तो दवाखान्यात दाखवायला. दवाखान्याला कुलूप होतं. माझ्या बगलेत कोंबडा, समोर म्हाळू, खुंटीला मेंडोलिन. कोंबडा आरवला. म्हाळू एकदम उठून उभा राहिला. म्हणाला, "बे धर्मराज, हा वरच्या सुरात आरवतो! माझ्या सनईवाल्याला कधी जमलं न्हाई ते!" मग जे झालं ते झालं.

म्हाळू त्याला कापणार न्हाई. मी आडून विचारलं तर उलट मलाच म्हणाला, "कलावंताला कुणी कापतं का बे?" पाय बरा झालाय. बाजरी रोज मिळते. कधीमधी बुंदी पण.

ओवीची दुसरी ओळ?

धर्मराज

पुणे
२० फेब्रुवारी

रोहिणीच्या बाबांना नमस्कार. (हा फक्त वयाला हाय.)

कोंबडा देऊन तुमी पपई आणलीत. मी दोन दिवस जेवले न्हाई. म्हंजे रात्रीची जेवले, सकाळची न्हाई. जावयानं मला खूश करायला दुकानातून कोंबडी आणली, ते बघून मला आणखीच रडू आलं.

म्हाळूला माझा निरोप सांगा. त्या कोंबड्याच्या वंशाची पहिली पिल्लं आमची. अन् त्याच्यासमोर तो ढोल वाजवू नये, त्याला दचकायची सवय न्हाई.

ओवीचं म्हणाल, तर ती दुसरी ओळ काही महत्त्वाची न्हाई. जात्यावर तोंडाला येईल ते माणूस म्हणतं. मला आता आठवत न्हाई. नातवाची दृष्ट काढायची हाय, मी जाते.

दुसरं असं, रोहिणीची नोकरी पुढच्या महिन्यात सुरू होतीय. ती म्हणती, "आई, दिवाळीपर्यंत राहा." मी अजून हो पण म्हटलं न्हाई अन् न्हाई पण म्हटलं न्हाई. तुमचं तिकडं कसं काय चालंल ते लिहा. तुमी जसं लिहाल तसं मी करीन.

गीता

हिंगणमळा
१ मार्च

सौ. गीतास,

दिवाळीपर्यंत खुशाल राहा. लेकीला गरज हाय. माझी काळजी करू नको, मला इथं काही कमी न्हाई. पिठल्याच्या जोडीला आता खिचडी पण जमते. अन् तसंही मी आता कलाकार माणूस झालोय, वेळच मिळत न्हाई.

मोठी बातमी. आपले माजी सरपंच सुंदरराव परवा स्वतः दारात आले. त्यांच्या भारुडाच्या मंडळात पेटी वाजवणारा धुळाजी ऊसतोडीला गेलाय, अन् कारखाना अजून बंद व्हायचं नाव घेत न्हाई. गावची यात्रा तर महिन्यावर आली. सुंदरराव म्हणाले, "धर्मराज, पेटीच्या जागी तुझी ती मंडोली घेऊन बस."

मी म्हणालो, "सरपंच, मला एकच चाल येते."

ते म्हणाले, "गावाला तरी कुठं दोन कळतेत!"

तर मी स्टेजवर बसणार हाय. नवीन धोतर काढून ठेवलंय. म्हाळू केजहून येऊन कान पिळून देणार हाय. मेंडोलिनचे.

ती ओळ आठवली तर लिही. न आठवली तरी चालंल, मी नुसती चाल वाजवीन.

धर्मराज

पुणे
१० मार्च

रोहिणीच्या बाबांना नमस्कार.

पत्र मिळालं. तुमचं बरं चाललंय हे वाचून बरं वाटलं. दिवाळीपर्यंत राहते, तसं रोहिणीला सांगितलं. ती खूश हाय.

धोतराला इस्त्री करून घ्या.

गीताबाई

हिंगणमळा
३ एप्रिल

गीता,

तुझं मागचं पत्र एवढं बारकं होतं की मी पाकिटात पुन्हा हात घालून बघितलं, अजून एखादा कागद राहिलाय का. न्हवता. मग मी पण इतके दिवस लिहिलं न्हाई. पण काल यात्रा झाली, अन् जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय माझ्यानं राहवत न्हाई.

सांजेला पारावर स्टेज घातलं होतं. एकीकडं बाप्ये, दुसरीकडं बाया. सुंदररावांनी केवढा थोरला गुलाबी फेटा बांधला होता. माइकवर "हॅलो, हॅलो" म्हणाले, मग गावाच्या विकासावर बोलले, मग माझी ओळख करून दिली, "आपले निवृत्त कंडक्टर, आता आंतरराष्ट्रीय वादक." कावून तर मी गोऱ्याकडून शिकतो.

भारूड सुरू झालं. सुंदररावांनी वर तान घेतली. मी मला येणारी चाल सुरू केली. ते एका वाटेनं, मी दुसऱ्या वाटेनं. ते डोळे वटारून माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं ऐकू येत न्हाई म्हून बघतात, मी जोरात वाजवलं. त्यांनी आवाज चढवला. मी आणखी जोरात वाजवलं. मृदंगवाल्याला कळंना कुणाला साथ द्यावी, त्यानं हात जोडले अन् गप बसला.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं कुणीतरी गुणगुणायला लागलं. माझ्याच चालीवर! मी मान वर केली तर छबुबाई. तिच्या मागच्या दोघी, मग चौघी. सुंदररावांचं भारूड त्यात बुडून गेलं. अन् छबुबाईनं खड्या आवाजात ओवी उचलली:

वाजती घंटी बाई, गाडी फाट्याला थांबली
कंडक्टराच्या वाटं, माझी भाकर लांबली

दुसरी ओळ ही अशी हाय तर.

सगळं गाव माझ्याकडं बघून हसायला लागलं. मला हसू आलं न्हाई. माझ्या हातातला शाम्पूचा तुकडा निसटला अन् मंडोलीच्या पोटातल्या भोकात पडला. मी ती उलटी करून हलवायला लागलो. तुकडा आत खडखड वाजतोय, बाहेर येईना. गावाला वाटलं हे पण वाजवण्यातलंच हाय, टाळ्या पडल्या.

पण गीते, मी उलटी मंडोली हातात धरून दुसराच विचार करत होतो. शेवटची फेरी करून मी फाट्यावर उतरायचो अन् घरी यायचो, तेव्हा तू नेमकी तव्यावर भाकर टाकत असायचीस. कधीच गार भाकर माझ्या ताटात आली न्हाई. मला वाटायचं, नशीबवान हाय मी, बरोबर भाकरीच्या वेळेला पोचतो. एवढी वर्षं मला तेच वाटत होतं.

पुढं ऐक. बाया थांबायलाच तयार न्हाईत. माझी गरजच उरली न्हाई. एक झाली की दुसरी, जिनं तिनं आपल्या नवऱ्यावर ओवी म्हणायची. सुंदरराव माइक धरून "भगिनींनो, भगिनींनो" करत होते. तर त्यांच्याच केशरबाई उठल्या, पदर खोचला अन् म्हणाल्या:

गावाचा पुढारी बाई, याचा रुबाब गावभर
चष्मा सापडंना घरी, चष्मा याच्या डोईवर

सुंदररावांचा हात आपोआप फेट्याकडं गेला. गीते, चष्मा खरंच तिथं होता! फेट्यात खोचलेला! सारं गाव लोळून हसलं. सुंदरराव स्टेजवरून उतरले अन् तडक घरी गेले.

आज सकाळी ते माझ्या दारात आले. मला वाटलं भांडायला आले. ते म्हणाले, "धर्मराज, ती चष्म्याची ओवी जरा हळू वाजवून दाखव. चाल चांगली हाय."

तुझ्याशिवाय हे सगळं झालं, हे बरं झालं न्हाई.

धर्मराज

पुणे
१० एप्रिल

रोहिणीच्या बाबांना,

तुमचं पत्र मी लिफ्टमध्ये वाचलं. चार वेळा खालीवर झाले. वॉचमनला वाटलं मी अडकले.

छबुबाईला मी ती ओवी सांगितली तेव्हा तिनं देवाची शपथ घेतली होती, कुणाला सांगणार न्हाई म्हून. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली ओवी हाय ती. माझी मी केलेली. तुमच्यासमोर म्हणायची मला कधी लाज सुटली न्हाई, अन् हिनं भर यात्रेत म्हटली!

दुसरं. ती चष्म्याची ओवी केशरबाईची न्हाई. ती पण मीच केलेली हाय, तिला वापरायला दिली होती. तुमाला सांगते, त्या गावातल्या अर्ध्या नवऱ्यांवरच्या ओव्या माझ्या हायेत. बाया येऊन सांगायच्या, अक्का, आमचे हे असे वागतेत, तेवढी एक ओवी करून द्या. मी जात्यावर बसल्या बसल्या करून द्यायची. अन् आता पारावर माझ्या ओव्यांची यात्रा भरली अन् मी इथं चौथ्या मजल्यावर लंगोट वाळत घालतीय. योगासनवाल्या बाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्ही इथं काय करताय?"

तुमी लिहिलं होतं, मला काही कमी न्हाई, दिवाळीपर्यंत खुशाल राहा. ते 'खुशाल' वाचून मी भांडी आपटली. नातू उठला. म्हंजे आता माझ्यावर पण बंदी येणार.

रोहिणीची सासू पुढच्या आठवड्यात येतीय. तिला नातू संभाळायची हौस हाय, माझ्यापायी ती गप बसली होती. तेव्हा मी येते. केजपर्यंत एसटीनं, पुढं जीपनं. फाट्यावर घ्यायला या.

मी येईपर्यंत मंडोलीला हात लावू नका. अन् छबुबाईला म्हणावं, तोंड बंद.

तुमची,
गीता

आखाडा, हिंगणमळा
२४ एप्रिल

प्रिय गीता,

तू घरात हायस अन् मी मळ्यात हाय, मधी फक्त दोन बांध. तरी लिहितो, कावून तर तू कालपासून माझ्याशी बोलत न्हाईस. हे पत्र तुझ्या भाकरीच्या टोपल्यात ठेवून येतो.

काल अंगणात सगळ्या बाया जमल्या. तू नवं लुगडं नेसलीस, मधोमध बसलीस, घसा साफ केलास अन् ओवी उचललीस. मी वाजवायला लागलो. पहिल्याच ओळीला तू थांबलीस. म्हणालीस, "तुमची चाल चुकतीय. 'बाई'ला आवाज खाली येतो, तुमी वर नेताय."

मी वर नेतो, हे खरं हाय. झोपेत ऐकलेली चाल, जशी राहिली तशी राहिली. मी लगेच कबूल झालो असतो. पण छबुबाई मधीच म्हणाली, "न्हाई अक्का, भाऊजींचंच बरोबर हाय, आमी यात्रेपासून अशीच म्हणतो." केशरबाई म्हणाल्या, "वरच जाती." मग सगळ्या म्हणाल्या, वरच जाती. तुझी ओवी, तुझी चाल, अन् अख्ख्या गल्लीनं तुलाच चुकीचं ठरवलं. तू उठून आत गेलीस. त्यावर छबुबाई मला म्हणते, "अक्का पुण्याला जाऊन चाल विसरल्या."

गीते, चूक माझी हाय. तू मला शिकव. मी कान धरतो, माझे. तू म्हणशील तिथं आवाज खाली आणीन. मी सगळ्यांसमोर सांगीन, मूळ चाल हिची, मी चुकीची पसरवली.

अन् दुसरी एक गोष्ट. 'मला काही कमी न्हाई' असं मी लिहिलं ते खोटं होतं. पातेलंभर पिठलं करायचो अन् म्हशीला घालायचो. म्हैस पण कंटाळली होती. मंडोली किंचाळली तरी कुणाचा तरी आवाज व्हायचा, म्हून वाजवत बसायचो. हे तोंडानं सांगायला गेलो असतो तर साऱ्या गल्लीला ऐकू गेलं असतं, माझा आवाज तुला माहीत हाय. म्हून कागदावर.

उत्तराची वाट बघतो. भूक पण लागलीय.

तुझा (पोस्टमनला न विचारता)
धर्मराज

(त्याच कागदाच्या मागं)

अहो,

मागची बाजू रिकामी होती म्हून यावरच लिहिते, छबुबाईच्या हाती पाठवते. तिनं वाचलं तर वाचू दे, तिला आता काय सांगायचं राहिलंय.

सकाळी म्हशीची धार काढताना मी मूळ चाल म्हणून बघितली. येतच न्हाई. 'बाई'ला आवाज आपोआप वर जातो, मेला. तुमची चुकीचीच चाल तोंडात बसली. तेव्हा आता तीच राहू द्या. पण सगळ्यांसमोर कान धरणार होतात, ते मात्र धरा.

वांग्याचं भरीत केलंय. अंगणात केशरबाई येऊन बसल्यात, सुंदरराव पण बाजेवर बसलेत, चष्मा नाकावर लावून. सगळ्यांनी टाळ आणलेत. मी सांगितलंय, आमचे हे आल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं न्हाई.

लवकर या. त्यांना दम निघंना.

गीता